जोराची ॲलर्जी: महागडं पेन परवडत नसेल तर

"अमेरिकेतला भाऊ म्हणतो, एपिपेन जवळ ठेवाच. तुमच्याकडे आहे का?" आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न अधूनमधून येतो. एपिपेन म्हणजे जोराच्या ॲलर्जीत मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारं, औषध भरलेलं पेन. आमच्याकडे ते नसतं. बाहेरून मागवायला किती खर्च येईल हे कळलं, की बरेच जण सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन घरी जातात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

पेनात जे औषध असतं ते ॲड्रेनॅलिन. ते जुनं आहे, स्वस्त आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. १ मिलीची अँप्यूल, म्हणजे काचेची बंद कुपी, तिच्यात १ मिलिग्रॅम औषध. किंमत साधारण एका वडापावाच्या आसपास. पैसे पडतात ते पेनाच्या यंत्रणेचे. मायलन कंपनीने २००७ मध्ये एपिपेन घेतलं तेव्हा अमेरिकेत दोन पेनांचा संच १०० डॉलरच्या आसपास होता. २०१६ पर्यंत तो ६०० डॉलरला जाऊन पोहोचला आणि तिथले पालकही हवालदिल झाले. शिवाय पेन दोन लागतात आणि वर्ष-दीड वर्षात त्यांची तारीख संपते. तेव्हा पेन परवडत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. औषध तुमच्या आवाक्यातलंच आहे.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणे, काजू किंवा कोळंबी खाल्ल्यावर, कधी एखाद्या गोळी-इंजेक्शननंतर अंगावर गांधी, म्हणजे खाजणारे फुगीर चट्टे, उठतात. नुसत्या गांधी असतील तर सेटिरिझिन पुरेल. पण घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सेटिरिझिनच्या भरवशावर थांबू नका. ती खाज कमी करते. श्वास मोकळा करत नाही, उतरलेलं बीपी वर आणत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचं.

पेनाऐवजी अँप्यूल आणि सिरिंज जवळ ठेवायची असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तिच्यावर डोस मिलीमध्ये, आकड्यात लिहून घ्या. मुलांचा डोस वजनावर असतो, म्हणून मूल वाढलं की चिठ्ठीही नवी. आम्ही एका डबीत दोन अँप्यूल, १ मिलीच्या दोन सिरिंज, इंचभर लांबीच्या सुया आणि कापूस देतो. घरात आहे म्हणून इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिची सुई आखूड, स्नायूपर्यंत पोहोचेलच असं नाही. आणि लाल टोपीच्या सिरिंजवर ४० खुणा म्हणजे १ मिली. घाईत तिथे हमखास गोंधळ होतो.

खरी अडचण हाताची आहे. एका आईने आमच्यासमोर पहिली अँप्यूल फोडली तेव्हा अँप्यूलच्या अरुंद मानेऐवजी पोटावरच जोर दिला आणि काच बोटात गेली. दुसरी फोडताना तिने मानेवरचा ठिपका स्वतःकडे वळवला, कापूस गुंडाळला आणि अंगठ्याने मान मागे मोडली. टक् आवाज झाला. मग औषध ओढलं, हवेचा बुडबुडा काढला, खुणेपाशी थांबली. पाचव्या वेळी ती हे सगळं न थबकता करत होती. तुम्हीही या. तारीख संपलेल्या अँप्यूल आम्ही सरावासाठी जपून ठेवतो. टोचायचं कसं ते मात्र डॉक्टरांकडूनच शिका: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. शिरेत कधीही नाही.

हाताला खात्री वाटत नसेल तर काही डॉक्टर सिरिंज भरून देतात. ती फार टिकत नाही. भरल्याची तारीख चिकटवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा बदला.

डबी फ्रीजमध्ये नको, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. तपकिरी काचेतून रंग कळत नाही, म्हणून सिरिंजमध्ये ओढल्यावर पाहा: औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं.

इंजेक्शन दिल्यावर लगेच १०८ लावा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पण उठवून चालवू नका. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

ज्यांना पेनच हवं आहे त्यांच्यासाठी: स्वतःच्या वापरापुरतं औषध परदेशातून मागवता येतं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि अर्ज लागतो, फॉर्म १२ए. तो भरायला आम्ही मदत करू, त्याचे पैसे घेत नाही.

डबी नेताना फोन नंबर देऊन ठेवा. तारीख संपायच्या महिनाभर आधी आम्ही फोन करतो.