पहिल्या १४० मिलिसेकंदांत काय घडतं?

तान्हं बाळ पाहिलं की प्रत्येकाला मायेचा उमाळा येतोच, आणि ज्याला येत नाही त्याच्या काळजातच खोट असणार, असं आपण धरून चालतो. दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्माला येतं तेव्हा हा समज फार छळतो. पहिल्यांदा पाहताना मन चरकलं, नजर क्षणभर बाजूला गेली, याची टोचणी काही आई-बाप वर्षानुवर्षं बाळगतात आणि कुणापाशी बोलत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आसपासच्या आपल्या सगळ्यांसाठी.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली बाळाच्या ठेवणीची एक यादी मांडली. शरीराच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यावर जरा खाली बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल. ही ठेवण दिसली की मोठ्या माणसात जपण्याची ओढ जागी होते, असं त्यांचं म्हणणं. कुत्र्या-मांजरांची पिल्लंही आपल्याला गोंडस का वाटतात, हे त्यातून उलगडतं. पण या यादीत ओठांना फारसं स्थान नाही. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाचं कपाळ, डोळे, गाल सगळं जागच्या जागी असतं. मग पाहणारा अडखळतो कशाला?

याचं उत्तर शोधायचं तर पाहण्याचा पहिला पाव सेकंद पकडावा लागतो, आणि तो पकडणारं एमईजी नावाचं यंत्र मला फार आवडतं. मेंदूची हालचाल दाखवणारा नेहमीचा एफएमआरआय स्कॅन इथे कुचकामी, कारण तो रक्तपुरवठ्यातला बदल मोजतो आणि रक्त काही सेकंद मागे असतं. डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजणारा ईईजी वेगवान आहे, पण कवटीतून बाहेर येताना विजेचे संकेत पसरट होतात. चुंबकीय क्षेत्राला मात्र कवटीचा अडथळा जवळजवळ नसतो. हजारो चेतापेशी एकदम कामाला लागल्या की त्यांच्या विद्युतप्रवाहाभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. एमईजी हे यंत्र ते डोक्याबाहेरून टिपतं. ते किती क्षीण? सुमारे १०० फेम्टोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पन्नास कोटी पट कमी. त्यासाठी स्क्विड नावाची अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही विरोध न करणारी, वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवतात. वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह किंचित बदलला, की त्यातल्या जोसेफसन सांध्यांवरचा, म्हणजे दोन अतिसंवाहकांमधल्या अतिशय पातळ जोडांवरचा, विद्युतदाब बदलतो. हा बदल चुंबकीय प्रवाहाच्या एका ठरावीक, अतिशय लहान (क्वांटम) मापाने पुन्हा पुन्हा येत राहतो, म्हणून त्या मापाच्या अगदी लहान अंशाइतका फरकही वाचता येतो. भोवती धातूच्या भिंतींची खोली असते, नाहीतर बाहेरून जाणाऱ्या गाडीचा चुंबकीय गोंगाटदेखील मेंदूच्या संकेतापेक्षा मोठा ठरेल.

ऑक्सफर्डच्या मॉर्टन क्रिंगेलबाख आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या यंत्राखाली लोकांना अनोळखी बाळांचे आणि मोठ्यांचे चेहरे दाखवले. बाळाचा चेहरा दिसल्यावर सुमारे १३० मिलिसेकंदांत डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचा भाग सक्रिय झाला. मोठ्यांच्या चेहऱ्याला तसा प्रतिसाद आला नाही. २०१३ साली याच चमूतल्या संशोधकांनी दुभंगलेल्या ओठाच्या बाळांचे चेहरे दाखवले. १४० मिलिसेकंदांच्या आसपास उजव्या बाजूला उठणारा तो संकेत मंदावलेला दिसला. चेहरे ओळखणाऱ्या फ्यूझिफॉर्म भागातली हालचालही कमी होती. म्हणजे मेंदू लोरेन्झच्या यादीवर एकेक खूण करत बसत नाही. तो चेहरा अखंड, एका आकृतीसारखा वाचतो, आणि एक रेघ अनपेक्षित निघाली की सगळं वाचनच अडखळतं. मनात 'हे माझं बाळ' असा विचार उमटायच्या आत हे घडून गेलेलं असतं. त्यात निर्दयपणा शोधणं चूक आहे.

अशा शोधांवर 'मेंदूत मातृत्वाचं केंद्र सापडलं' असे मथळे झळकतात. त्यांना भुलू नये. हाच ऑर्बिटोफ्रंटल भाग चवदार घासाने आणि सुगंधानेही जागा होतो. शिवाय बाळाचं चित्र पडद्यावर जास्त वेळ ठेवण्यासाठी बटण दाबण्याच्या प्रयोगात पुरुषांनी स्त्रियांइतकेच कष्ट घेतले होते.

खरा प्रश्न पुढच्या मिनिटांचा आणि महिन्यांचा आहे. नजरेचा माग घेणाऱ्या प्रयोगांत दिसतं, की अशा चेहऱ्यावर मोठ्यांची नजर डोळ्यांवर कमी आणि तोंडावर जास्त रेंगाळते. बाळ मात्र समोरच्याचे डोळे शोधत असतं. ब्रिटनमध्ये लिन मरे आणि सहकाऱ्यांनी ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांत झालेली आणि तीन-चार महिन्यांनी झालेली बाळं यांची तुलना केली. दीड वर्षाच्या वयात उशिरा शस्त्रक्रिया झालेली बाळं बौद्धिक चाचणीत मागे होती. दुसऱ्या महिन्यात आई आणि बाळ एकमेकांशी कसं खेळतात-बोलतात, याच्याशी त्या फरकाचं नातं होतं. यावरून शस्त्रक्रियेची घाई करावी असं मी म्हणणार नाही. भूल सुरक्षितपणे देता येईल ती वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. पण डोळ्यांत पाहून बोलायला शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही.

आणि ग्रहणाचं भूत आता उतरवायला हवं. ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून ओठ फाटला, असं सांगून बाईला दोषी ठरवणारे अजून भेटतात. ओठ फाटतच नाही. गर्भात वरचा ओठ मधल्या आणि बाजूच्या उंचवट्यांपासून बनतो. ते सहाव्या-सातव्या आठवड्यात एकमेकांना येऊन जुळतात. जुळणं राहिलं तर फट राहते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. पाचव्या-सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने आधीच जुळलेला ओठ उसवत नाही. कारणं जनुकांत असतात, धूम्रपानात असतात, अपस्माराच्या काही औषधांत असतात. जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते, ग्रहण असो वा नसो.

प्रयोगांतले चेहरे अनोळखी होते आणि स्थिर होते. घरातलं बाळ हलतं, हुंकार देतं, दीड-दोन महिन्यांचं झालं की ओळखीचं हसतं, आणि दुभंगलेल्या ओठाचं हसू तर चांगलं रुंद पसरतं. शस्त्रक्रिया झाल्यावर, नवा शिवलेला ओठ पाहताना, काही आई-बापांना रडू येतं. त्यांना ते जुनं हसू हवं असतं.