छिद्राच्या मापावरून भांडणारी माणसं

कोल्हापुरात हाडं मोडायला कारणं कमी नाहीत. तालमीत मनगट जातं. गळीत हंगामात अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर आजी घसरतात आणि खुबा मोडतो. यातली बहुतेक हाडं जुळतात. डॉक्टर हाड जाग्यावर आणतात, प्लास्टर घालतात, प्लेट किंवा रॉड टाकतात, पण जोडायचं काम शरीरच करतं. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, तिथं पेशी गोळा होतात. दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो, पुढच्या काही आठवड्यांत त्याचं कच्चं हाड होतं, आणि मग कित्येक महिने, कधी वर्षं, त्याची घडाई चालते. कातडी खोल भाजली तर व्रण राहतो. हाड नीट जुळलं तर तिथं पुन्हा हाडच तयार होतं.

तरीही काही हाडं जुळत नाहीत. नडगीचा खालचा भाग त्यासाठी बदनाम आहे. तिथं स्नायूंचं आवरण कमी, रक्तपुरवठा बेताचा, आणि अपघातात हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर जंतूंचाही शिरकाव होतो. मधला तुकडाच रस्त्यावर राहिला किंवा सडला म्हणून काढावा लागला, तर दोन टोकांमधली दरी शरीराला एकट्याने भरता येत नाही. मधुमेह असेल तर आणखी उशीर. तंबाखूतल्या निकोटिनमुळेही हाड जुळायला वेळ लागतो. यापुढे मी ज्या संशोधनाबद्दल लिहिणार आहे त्याच्या कितीतरी पट स्वस्त उपाय म्हणजे तेवढे महिने पुडी आणि मिश्री बंद ठेवणं. पण तो उपाय रुग्णाच्या गळी उतरवणं हे वेगळंच शास्त्र आहे.

अशी दरी भरायला आजही सर्वांत भरवशाचा माल म्हणजे रुग्णाचं स्वतःचं हाड. कंबरेच्या हाडाच्या कडेतून ते खरवडून काढतात. त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर ते नाकारत नाही. अडचण एवढीच, की एका जखमेसाठी दुसरी करावी लागते, ती दुखते, आणि मिळणारं हाड मोजकंच असतं. म्हणून गेली पन्नास-साठ वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत हाडाला पर्याय शोधण्याचं काम चालू आहे. कोल्हापुरात त्याला लागणारी माणसं एका गावात सापडतात. १९६२ साली सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर आणि नॅनो कणांवर काम करणाऱ्यांची परंपरा आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्र्या. पुढं येणारी माणसं कुठल्या एका खोलीतली नाहीत. हाडदुरुस्तीवर काम करणाऱ्या कुठल्याही विद्यापीठातल्या गटात ती भेटतात. बोली तेवढी इथली.

पहिली भेटते ती रसायनशास्त्राची पीएचडी करणारी मुलगी. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि थोडं पाणी. ते खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या जवळचं. ते ती काचपात्रात बनवते. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात अमोनियम फॉस्फेट थेंबथेंब सोडायचं, अमोनिया घालून पीएच दहाच्या वर ठेवायचा, ढवळत राहायचं, पांढरा साका रात्रभर मुरू द्यायचा, धुवायचा, वाळवायचा, भट्टीत भाजायचा. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ आलं पाहिजे. ते कमी भरलं तर भाजताना त्यातल्या काही भागाचं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं, ज्यात हे प्रमाण १.५ असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही चूक वाटते. तिसऱ्या वर्षी तोच मुद्दाम असं मिश्रण करायला लागतो, कारण हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट शरीरात वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यापेक्षा लवकर विरघळतं. दोन्ही किती घ्यायचं यावर भरलेला माल किती काळ टिकणार ते ठरतं. आणि तो कायम टिकावा असं कुणालाच नको असतं. नवं हाड येईल तसतसं त्यानं जागा सोडायची आहे. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलंही चालतात, ती जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटची असतात, त्यामुळे अशा विद्यार्थ्यांची मेसच्या आचाऱ्याशी दोस्ती असते.

ही भुकटी नुसती दाबून वडी केली तर काम होत नाही. वडी घट्ट होते, पण पेशी आत जाऊ शकत नाहीत. हाड तयार करणाऱ्या पेशींना आत शिरायला, त्यांच्यामागून रक्तवाहिन्यांना यायला वाट हवी. साधारण ०.१ मिलिमीटरच्या खालची छिद्रं फारशी कामाची नसतात. रक्तवाहिन्यांसकट हाड वाढावं तर ०.३ मिलिमीटर किंवा जास्त बरं, असं संशोधनातून पुढं आलं आहे. शिवाय छिद्रं एकमेकांना आतून जोडलेली हवीत, नाहीतर प्रत्येक छिद्र म्हणजे बंद खोली.

इथं गटातला मेकॅनिकलवाला येतो, आणि इथूनच भांडण सुरू होतं.

हाडाच्या दरीत बसवायचा, पेशींना आत वाढायला आधार देणारा जो छिद्राळ सांगाडा, त्याला इथं साचा म्हणतात. तो करायची एक जुनी पद्धत आहे. फोमचा तुकडा खनिजाच्या पातळ लगद्यात बुडवायचा, जास्तीचा लगदा पिळून काढायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. फोम जळून जातो, त्याच्या जाळीवर बसलेलं खनिज तेवढं भाजून कडक होतं. फाउंड्रीत मेणाचा पॅटर्न करून कास्टिंग करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचं मेण जातं आणि त्या जागी धातू येतो. इथं फोमची जागा रिकामीच राहते, एवढाच फरक. अशा माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, श्रिंकेज किती धरलाय?" प्रश्न अगदी नेमका आहे. अकराशे-बाराशे अंश सेल्सियसला भाजताना असा तुकडा लांबीत पंधरा-वीस टक्के सहज आटतो. साचा तेवढा मोठा करावा लागतो, आणि तो सगळीकडून सारखा आटला नाही तर तडकतो. प्रबंधात हा भाग दोन ओळींत उरकतात. भट्टीपाशी त्यात एक सत्र जातं.

तडा न जाता बाहेर आलेला तुकडा दाबयंत्राखाली ठेवला की मेकॅनिकलवाल्याचा चेहरा उतरतो. मांडीच्या हाडाची बाहेरची घट्ट भिंत शंभर मेगापास्कलच्या वर दाब सोसते. हाडाच्या टोकाशी असलेला जाळीदार भाग दोन ते बारा मेगापास्कल. आणि नव्वद टक्के पोकळ असलेला हा तुकडा कधी एक मेगापास्कललाही चुरा होतो. तो म्हणतो, छिद्रं कमी करा. पेशी वाढवणाऱ्या मॅडम म्हणतात, मग तुमच्या मजबूत दगडावर माझ्या पेशी बाहेरच्या बाहेर बसून राहतील. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून तर हे मिटत नाही. मग टायटॅनियम का नको, असं कुणीतरी नवखा विचारतो. टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठर असतं. सगळा भार तेच घेतं आणि शेजारचं हाड रिकामं राहून विरळ होत जातं. हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. तेव्हा फार मजबूत असूनही चालत नाही.

पेशींच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर, हातांवर स्पिरिट. आत ३७ अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात पेशी वाढत असतात. नव्या पेशी बहुतेक वेळा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून येतात. हाडाच्या कामात नेहमी वापरली जाणारी एक जात म्हणजे एमजी-६३. हाडाचा कर्करोग झालेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाच्या गाठीतून ती मिळाली, आणि आज जगभरच्या कपाटांत वाढते आहे. पेशींना दोन-तीन दिवसांनी नवं अन्न लागतं. गणपती असोत की दिवाळी, कुणीतरी येऊन बदलावंच लागतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचा त्रास वेगळाच. हवेतला एक कण पडला की महिनाभराचं काम नळीतून ओतून द्यायचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. लोकांची घरं पाण्यात असताना पेशींचं काय सांगायचं, पण द्रव नायट्रोजन बाहेरून येणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला अशा वेळी टाकीतली पातळी मोजत बसावं लागतं. उणे १९६ अंशावर गोठवलेल्या पेशी त्या एका टाकीच्या भरवशावर असतात.

साच्यावर पेशी जगतात का हे बघायला पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्यात रूपांतर करतात. तीनेक आठवड्यांनी दुसरी चाचणी, अ‍ॅलिझरिन नावाचा रंग, जो कॅल्शियम जिथं साचलंय तिथं लाल दिसतो. लाल डाग दिसले की खोलीत आनंदीआनंद होतो. मला हा आनंद थोडा घाईचा वाटतो. साचाच कॅल्शियमचा असेल तर तो स्वतःही लाल होतो, म्हणून पेशी नसलेला साचा शेजारी रंगवून ठेवावा लागतो. आणि कर्करोगाच्या पेशी वाढल्या म्हणजे माणसाच्या नडगीत हाड वाढेल असं नव्हे. हाडसांधी, म्हणजे आपली कांडवेल, तिचा अर्क साच्यात मिसळून असे प्रयोग भारतात बरेच झाले आहेत. मोडलेल्या हाडावर ती बांधायची रीत जुनी आहे, आणि तिच्यात काहीतरी असावं असं मानायला जागा आहे. पण बशीतल्या पेशींना आवडणारा अर्क आणि रुग्णाच्या पायात उपयोगी पडणारं औषध यांच्यात मोठं अंतर आहे, आणि बातमीत ते अंतर हमखास गळतं.

त्या अंतराचा पुढचा टप्पा प्राणीगृहात. उंदराच्या कवटीच्या हाडात आठ मिलिमीटरचं गोल भोक पाडतात. हे माप उगाच ठरलेलं नाही. एवढं भोक उंदीर स्वतःहून भरून काढत नाही, त्यामुळे भरलं तर श्रेय साच्याला देता येतं. त्याआधी संस्थेच्या प्राणी नीती समितीची परवानगी लागते. प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, वेदना कमी करता येतील का, हे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले तीन प्रश्न तिथं विचारले जातात. पिंजरे बघणाऱ्या मामांचं नाव शोधनिबंधावर येत नाही. पण कुठला उंदीर खात नाही, कुठला कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, हे त्यांना वहीत नोंद व्हायच्या आधी कळतं. मरगळलेल्या उंदराची आकडेवारी हाडाबद्दल काही सांगत नाही, तेव्हा निकालाचा दर्जा बराचसा त्यांच्या हातात असतो. शेवटी कवटीचं सूक्ष्म सीटी स्कॅन आणि काचपट्टीवरचे पातळ छेद. ते तपासणाऱ्याला कुठला छेद कुठल्या गटाचा हे सांगत नाहीत. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आपल्या साच्याशेजारी त्याला हाड जरा जास्तच दिसतं.

ऑर्थोपेडिक सर्जन आठवड्यातून एकदा येतात, ओपीडी आटोपून, आणि दहा मिनिटांत सगळ्यांची झोप उडवतात. त्यांना १.६७ शी देणंघेणं नसतं. हे मला ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, कापता येईल का? रक्त लागलं की भुगा होतो का? शेजारी स्क्रू मारला तर तडकेल? निर्जंतुक कसं करणार? शेवटचा प्रश्न वरकरणी सोपा आहे. साच्याला लवचीकपणा यावा म्हणून पॉलीकॅप्रोलॅक्टोन हे शरीरात विरघळणारं प्लॅस्टिक मिसळलेलं असतं. ते सुमारे ६० अंशाला वितळतं. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश. म्हणजे वायू नाहीतर गॅमा किरण. आणि किरणांनी प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटून ताकद बदलते, तेव्हा दाबयंत्रावरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या. सर्जन पहिल्या वर्षी आले असते तर दोन वर्षं वाचली असती, असं जवळपास प्रत्येक गटात कुणी ना कुणी म्हणतं.

या क्षेत्राची एक मोठी उडी अशाच परक्या माणसाच्या प्रश्नातून आली. काचेवर संशोधन करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ लॅरी हेंच १९६७ साली एका परिषदेला जाताना बसमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलशेजारी बसले होते. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही लोक का बनवत नाही, असं कर्नलने विचारलं. हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस असलेली काच बनवली आणि १९६९ मध्ये ती उंदरांच्या हाडात बसवली गेली. सर्जन सहकाऱ्याचा निरोप आला, की हे तुकडे हाडातून निघतच नाहीत. बायोग्लास ती हीच, आणि आजही हाड भरायला वापरतात.

विद्यापीठातले बहुतेक साचे मात्र ओटीपर्यंत पोचत नाहीत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना, ठरावीक दर्जाचं उत्पादन, माणसांवरच्या चाचण्या, यांचा खर्च पीएचडीच्या शिष्यवृत्तीत बसत नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. भट्टी, पेशी आणि सर्जनचे प्रश्न या तिन्हींतून गेलेला विद्यार्थी इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीत उपयोगी पडतो, आणि तसे फार नाहीत.

छिद्राच्या भांडणावर सध्याचा तोडगा हाडाकडूनच उचललेला आहे: बाहेर घट्ट भिंत, आत जाळी. थ्रीडी प्रिंटरवर असा साचा थराथराने काढता येतो. मेकॅनिकलवाला बाहेरचा थर दीड मिलिमीटरचा मागतो, पेशीवाल्या मॅडम अर्धा द्यायला तयार आहेत, आणि सर्जनचं म्हणणं आहे की नडगीत बसवताना ते कडा कानशीने घासणारच, मग ती भिंत राहणार कुठं?