सुट्टीच्या दिवसाची हजेरी : मस्टरमधील एका खुणेची पार्श्वभूमी

१५ ऑगस्टला सकाळी ध्वजवंदनासाठी कारखान्यात आलेला कामगार त्या दिवशी हजर धरायचा की सुट्टीवर, हा प्रश्न टाइम ऑफिसला दरवर्षी पडतो. झेंडावंदन करून आणि चहा-नाश्ता घेऊन तो तासाभरात घरी जातो, कामाला हात लावत नाही. पण दारावरच्या बायोमेट्रिक यंत्रावर त्याचे बोट उमटलेले असते आणि मस्टरमधील त्याच तारखेच्या चौकोनात सुट्टीचा ‘एच’ आधीच पडलेला असतो. या दोन नोंदींचा मेळ का बसत नाही, हे कळण्यासाठी तो ‘एच’ मुळात कशासाठी आला ते पाहावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी आली तेव्हा तिचा पगाराशी संबंध नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले, त्यात रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि वेळेवर वेतन अशा मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या सुधारित फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे बळ मिळाले. तथापि रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत नसत. मस्टरमध्ये रविवारचा रकाना रिकामा राहिला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. नोंद ठेवायची ती भरलेल्या दिवसांची आणि खाड्यांची. महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून एका दिवसाचे वेतन काढण्याची जी रीत आजही टिकून आहे, तिच्यामागे हेच चार वजा रविवार आहेत. उपदान (ग्रॅच्युइटी) काढताना ३० ऐवजी २६ ने भागणे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वुलन मिल्सच्या प्रकरणात योग्य ठरवले.

१९४२ च्या साप्ताहिक सुट्टी कायद्याने दुकाने, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांतील नोकरांना सुट्टी दिली आणि तिच्यासाठी पगार कापू नये असे बजावले. तेव्हापासून न केलेल्या कामाच्या दिवसालाही मस्टरमध्ये काहीतरी खूण लागणार हे उघड झाले, कारण रिकामा रकाना आणि पगारी सुट्टी यांत फरक करायचा कसा?

१९४८ च्या कारखाने कायद्याने ही खूण आणखी गुंतागुंतीची केली. आठवड्याची सुट्टी ठरलेल्या वारी द्यायची नसेल, तर तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतील एक दिवस द्यावा, तशी सूचना निरीक्षकाला पाठवून कारखान्यात लावावी, आणि या अदलाबदलीत कोणालाही सलग दहा दिवसांहून अधिक काम करावे लागू नये, अशी त्याची तरतूद होती. गणपती किंवा दिवाळीच्या आगेमागे रविवार ‘फिरवून’ सुट्ट्या जोडण्याची जी पद्धत औद्योगिक वसाहतींत रुळली, तिला ही तरतूद सोयीची ठरली. अशा महिन्यात रविवारी ‘हजर’ आणि बुधवारी ‘सुट्टी’ असा उलटा मस्टर दिसतो, आणि नवख्या कारकुनाची हमखास फसगत होते.

त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली पुढे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस भरपगारी ठरले. त्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन आणि शिवाय बदली सुट्टी द्यावी लागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने हे चार दिवस कायम ठेवून, मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या आणखी चार सणांची भर घातली. यांपैकी तीन दिवस झेंडावंदनाचे आहेत. त्यामुळे ‘काम घेतले’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मस्टरच्या दारातच उभा राहिला.

याला दोन कायद्यांत अर्धी-अर्धी उत्तरे होती. १९३६ च्या वेतन अदा करण्याच्या कायद्यानुसार गैरहजेरीची कपात करता येई ती फक्त नोकरीच्या अटींप्रमाणे जेथे काम करणे आवश्यक होते तेथे नसल्याबद्दल. म्हणजे सुट्टीच्या दिवशीच्या समारंभाला न आलेल्याचा खाडा लावता येत नाही, मग व्यवस्थापनाची इच्छा काहीही असो. दुसऱ्या बाजूने, कारखाने कायद्याचे कलम १०३ असे मानत असे की काम चालू असताना किंवा यंत्रे फिरत असताना कारखान्यात आढळलेली व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तेथील कामगारच आहे.

खंडेनवमीच्या सकाळी या कलमाची आठवण होते. लेथना, प्रेसना झेंडूच्या माळा चढतात, पान्यांवर हळद-कुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. आणि मुख्य म्हणजे यंत्रे बंद असतात. तो दिवस बहुतेक ठिकाणी कामाचा धरला जातो, कारण सुट्टी असते ती दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याला. पूजा आटोपली की मिठाईचे पुडे वाटले जातात, आणि त्यासाठी वेगळ्या वहीत सही घेतली जाते. गंमत अशी की कोण प्रत्यक्ष आले होते, याचा अधिक भरवशाचा पुरावा पुष्कळदा ही मिठाईची वहीच देते.

सुट्टीच्या खुणेची खरी किंमत १९८५ मध्ये कळली. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या एका कर्मचाऱ्याचे वर्षातले कामाचे दिवस रविवार व पगारी सुट्ट्या वगळल्या तर २२० भरत होते आणि धरल्या तर २७५. नोटीस व भरपाईशिवाय कामावरून काढले जाण्यापासून औद्योगिक विवाद कायदा जे संरक्षण देई, त्यासाठी हवे होते २४०. पगार दिलेल्या सुट्ट्या ‘प्रत्यक्ष काम केलेल्या’ दिवसांतच मोजाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर ‘एच’ला नुसती ‘आला नाही’ची सौम्य खूण म्हणण्यात अर्थ उरला नाही.

बायोमेट्रिक यंत्राला मात्र हा इतिहास ठाऊक नसतो. सुट्टीच्या तारखेला बोट उमटले की अनेक प्रणाली ते काम समजून आपोआप बदली सुट्टी जमा करतात, आणि मग महिनाअखेरीस कोणालातरी ती हाताने काढावी लागते. म्हणून काही कारखाने झेंडावंदनाच्या दिवशी दारावरचे यंत्र झाकून ठेवतात आणि बाहेर टेबलावर एक साधा, सह्यांचा कागद ठेवतात.