डोळा गेला, आणि चिठ्ठी मिळाली इकोची

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींना एका सकाळी तुळशीला पाणी घालताना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं. दुखलं नाही, डोळा लालही झाला नाही. "मोतीबिंदू असेल," असं आम्हीच म्हटलं. दोन दिवस तसेच गेले, त्याची रुखरुख अजून आहे.

डोळ्याच्या डॉक्टरांना दृष्टिपटल (रेटिना) फिकट पडलेलं आणि मधोमध लालभडक ठिपका दिसला. पटलाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद झाली होती. हा डोळ्याचा पक्षाघातच. नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांच्या माकडांवरील प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताविना ९७ मिनिटं तग धरला. ४ तासांनी मात्र मोठी, कायमची हानी झाली होती.

मग इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी मिळाली. "डोळा गेलाय माझा, छाती कशाला तपासता?" मावशी वैतागल्या. पण हृदयातून निघालेली गुठळी मानेच्या धमनीतून डोळ्यात पोचू शकते, आणि पुढची मेंदूतही जाऊ शकते. १८५९ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तो रुग्णही हृदयाच्या आतल्या आवरणाला सूज आलेलाच होता. अर्थात बऱ्याचदा दोष मानेच्या धमनीत साचलेल्या चरबीचा असतो, म्हणून तिचीही सोनोग्राफी करतात. पन्नाशीनंतर धमनीला सूज नाही ना, हे पाहायला रक्ताची तपासणीही.

हृदयाची ही सोनोग्राफी स्वीडनमध्ये १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ यांनी सुरू केली. झडपा कशा उघडतात, त्यांवर जंतूंचे पुंजके किंवा चुन्याचे थर आहेत का, हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयात गुठळी धरली आहे का, हे पडद्यावर हलतं दिसतं. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, गुठळ्यांची ही आवडती जागा. छातीवरून तो नीट दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेत नळी घालून आतून इको करतात.

मावशींना लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग गुडघे सुजायचे. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आखडली होती. तिच्यामागचा डावा वरचा कप्पा फुगलेला, ठोके अनियमित, आणि त्या कोपऱ्यात गुठळी.

डोळा परत आला नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन मात्र सुरू झाली. आता ठरलेल्या तारखेला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला मी त्यांना घेऊन जाते, आणि पालेभाज्यांनी या औषधाचा असर बदलतो म्हणून मेथी-पालकाचं माप त्या रोज सारखंच ठेवतात.