कापराच्या पुरचुंडीनं ऑक्सिजन वाढत नाही

कापूर, ओवा आणि लवंग फडक्यात बांधून हुंगलं की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हा संदेश २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कोल्हापुरातल्या जवळपास प्रत्येक मोबाईलवर आला होता. सर्दी-तापाची साथ आली की तो अजूनही फिरतो. पण तो खरा नाही.

कापूर हुंगल्यावर मोकळं वाटतं, हे मात्र खरं. नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा कापरामुळे चेतवल्या जातात आणि मेंदूला वाटतं, हवा जास्त येतेय. प्रत्यक्षात नाकाची वाट तेवढीच राहते. फुफ्फुसापर्यंत तर काहीच बदलत नाही.

खरा धोका या मोकळं वाटण्यातच आहे. कोरोनात दम न लागताही ऑक्सिजन खाली जाऊ शकतो. अशा वेळी पुरचुंडी हुंगत घरी काढलेले चार तास फार महाग पडतात. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा ९४ च्या खाली गेला तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठा. बेड मिळेपर्यंत पालथं झोपल्यानं खरोखर मदत होते (गरोदर बायकांनी आणि जेवणानंतर तासभर कुणीही नको).

लहान मुलांच्या हाताला तर कापूर लागूच देऊ नका. थोडा पोटात गेला तरी झटके येतात.

आणि भीतीनं छाती भरून येत असेल, तुम्ही रुग्ण असा की रात्रपाळीच्या सिस्टर, तर १४४१६ वर फोन लावा. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.