मॉर्फिनच्या गोळीआधी काय असतं?

शेजारच्या काकांचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. त्यांच्या मुलाबरोबर मी कोथरूडमधली चार मेडिकल पालथी घातली. एका दुकानात तर नाव वाचूनच चिठ्ठी परत सरकवली गेली. गोळ्या अखेर एका रुग्णालयाच्या फार्मसीत मिळाल्या आणि त्या रात्री काकांना शांत झोप लागली. दोनशे वर्षांहून जुन्या औषधाला दुकानदार का घाबरतो, हे समजून घ्यायचं तर गोळीच्या मागे, तिच्या कच्च्या मालापर्यंत जावं लागतं.

मॉर्फिनचा कच्चा माल शेतात उगवतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी अफूच्या बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात. तो सगळा सरकारच विकत घेते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यातून मॉर्फिन वेगळं काढतात. त्यातल्या बऱ्याच मॉर्फिनचं पुढे कोडीन हे खोकल्यावरचं आणि वेदनेवरचं औषध होतं, म्हणजे मॉर्फिन स्वतःही एक कच्चा मालच आहे.

फेंटानिलची गोष्ट वेगळी. १९६० मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी घडवलेलं हे औषध मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. त्याला शेत लागत नाही. त्याची सुरुवात होते ती बाटलीतल्या पूर्वरसायनांपासून, ज्यांना औषध उद्योगात प्रिकर्सर म्हणतात. अफूचं शेत लपवणं अवघड असतं, बाटली मात्र सहज लपते, आणि इतक्या प्रभावी औषधाच्या बाबतीत थोडासा मालही फार झाला.

पूर्वरसायन म्हणजे पुरणपोळीतली डाळ आणि गूळ. ती पोळीतच राहतात. डाळ शिजवताना काढून टाकलेलं कटाचं पाणी पोळीत येत नाही, तसे रसायनशास्त्रात द्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारे द्रव, असतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारातल्या दोन याद्या ढोबळमानाने अशाच आहेत: पहिलीत मुख्यतः पूर्वरसायनं, दुसरीत ॲसिटोनसारखे द्रावक आणि आम्लं. फेंटानिलची एनपीपी आणि एएनपीपी ही दोन पूर्वरसायनं २०१७ मध्ये पहिल्या यादीत आली, २०२२ मध्ये आणखी तीन. एका रसायनावर बंधन आलं की बेकायदा बनवणारे त्याच्या एक पायरी मागचं, यादीत नसलेलं रसायन शोधतात. म्हणून या याद्या कधी पूर्ण होत नाहीत.

सरसकट बंदीही घालता येत नाही. ॲसिटिक अनहायड्राइड हेरॉइन बनवणाऱ्यांना हवं असतं, पण ॲस्पिरिनलाही तेच लागतं. त्यामुळे भारतात २०१३ च्या आदेशानुसार अशा रसायनांच्या उत्पादकाला आणि खरेदीदाराला नोंदणी करावी लागते, साठा आणि विक्रीचा हिशेब द्यावा लागतो. निर्यातीआधी समोरच्या देशाला कळवण्यासाठी २००६ पासून आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्थाही आहे. पुणेकरांना हे दूरचं वाटायला नको. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. ते उत्तेजक अमली द्रव्य, मॉर्फिन-फेंटानिलच्या जातीचं ओपिऑइड नव्हे, पण रसायन उद्योगाच्या आडून काय होऊ शकतं ते तिथे दिसलं. कारखान्याच्या फाटकावरची तपासणी कडकच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची जरब रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचली. एका औषधासाठी रुग्णालयांना अनेक परवाने लागत, त्यातला एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. रुग्णांच्या वेदना काही तेवढ्या घटल्या नव्हत्या. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवण्याची वाट मोकळी केली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरेशी झाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कॅन्सर रुग्णांसाठी मोफत उपशामक, म्हणजे वेदना हलक्या करणारं, केंद्र चालतं. घरी असा रुग्ण असेल, तर दुकानं पालथी घालण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: मॉर्फिन ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था जवळ कुठे आहे? आम्हाला हे आधी माहीत असतं, तर काकांच्या दोन रात्री वाचल्या असत्या.