काटा, पू आणि एका टक्क्याचा फरक

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आप्पांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, घरची कपाशी, बांधावर बाभळीची काटी लावलेली. पायात काटा भरणं तिथे कुणी सांगतसुद्धा नाही. आप्पांनीही चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी टाच लाल झाली, ठणकायला लागली, मध्यभागी पिवळट टोक दिसू लागलं. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "रक्त नासलं. घाण रक्ताचाच पू होतो." कुणी रुईचा चीक सुचवला, कुणी गूळ-चुना. मी आप्पांना आधी तालुक्याला नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जखम साफ करून घेतली. त्यांना साखर आहे. साखर असलेल्या माणसाच्या पायातला काटा कधीच साधा समजू नये.

पण काकूंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. पू म्हणजे नासलेलं रक्त, असं मीही लहानपणी ऐकलं होतं आणि खरंही मानलं होतं. पुढे आयुष्याची साडेपाच वर्षं मी ज्या पेशीवरच्या संशोधनात घालवली, त्याच पेशींच्या मृत शरीरांचा पू बहुतांशी बनलेला असतो. तिचं नाव न्यूट्रोफिल, रक्तातली एक पांढरी पेशी. पुवाला जी हिरवट झाक असते, तीही तिच्याच पोटातल्या एका हिरव्या विकराची (एन्झाइमची). नासलेल्या रक्ताशी तिचा काही संबंध नाही. त्या पेशी रक्तातून निघाल्या, वाट शोधत काट्यापर्यंत गेल्या, लढल्या आणि तिथेच मेल्या. ही वाट त्या कशी शोधतात, हे मला सांगायचं आहे.

काटा आणि पांढऱ्या पेशी यांची गाठ विज्ञानातही काट्यानेच घातली. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीर स्वतःचं रक्षण करण्यासाठी पेशी पाठवतं, ही कल्पना तिथून रुजली. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत विभागून मिळालं.

सीबीसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की पांढऱ्या पेशींच्या यादीत न्यूट्रोफिल दिसतात. मोठ्या माणसात पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७० टक्के त्याच असतात. अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते, कारण त्या फार जगत नाहीत. पेशीची रुंदी १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरभर अंतरात सत्तरेक सहज मावतील. केंद्रक एकसंध गोल नाही, तीन ते पाच पाकळ्यांचं आणि लवचिक. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अरुंद फटीतून निसटायला ते उपयोगी पडतं.

रक्ताच्या वेगात वाहणाऱ्या पेशीला आधी थांबावं लागतं. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. पेशी त्यांना अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि गोटीसारखी घरंगळू लागते. मग तिच्या अंगावरचे इंटेग्रिन, म्हणजे पकड घेणारी प्रथिनं, ताठ होतात आणि ती भिंतीला घट्ट धरते. काही बाळांमध्ये हे इंटेग्रिन जन्मतःच सदोष असतात. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असतात, पण जखमेत पू होतच नाही. एरवी आठ-पंधरा दिवसांत गळून पडणारी नाळ महिनाभर तशीच राहते आणि जंतुसंसर्ग एकामागून एक चालू राहतो. पू न होणं किती भयंकर असू शकतं, हे ही बाळं सांगतात.

भिंत ओलांडली की पेशी ऊतीत उतरते. तिथे वाहून नेणारा प्रवाह नाही. आता चालायचं, आणि तेही योग्य दिशेने. इथून पुढचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी एक छोटं चित्रीकरण केलं. लाल पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल एका जंतूमागे धावते. जंतू वळला की तीही वळते, लाल पेशींना बाजूला सारते आणि शेवटी त्याला गिळते. टाचेला पट्टी बांधून ओट्यावर बसलेल्या आप्पांना मी ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं आणि विचारलं, "त्याले डोया शेतस का?"

डोळे नाहीत. वास मात्र आहे. जिवाणू आपली प्रथिनं बनवताना सुरुवात एका खास अमिनो आम्लाने करतात, फॉर्मिल-मिथिओनिनने. आपल्या पेशी साध्या मिथिओनिनने करतात. त्यामुळे फॉर्मिलची शेपटी लावलेले प्रथिनाचे तुकडे आसपास तरंगताना सापडले, की जिवाणू जवळ आहे अशी खूण पटते. आणखी गंमत अशी की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया ही मुळात फार पूर्वी पेशीत शिरलेल्या जिवाणूंची वंशज आहे आणि ती आजही फॉर्मिलच वापरते. म्हणून एकही जंतू नसलेल्या स्वच्छ काट्याने पेशी फाटल्या, तरी त्यातून तोच वास सुटतो आणि न्यूट्रोफिल येतात.

पण वास येणं आणि वास कुठून येतोय ते कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला लागले की वास गावाच्या वेशीपर्यंत येतो. कुणाच्या शेतात भाजताहेत हे कळायला आपण चार पावलं इकडे जातो, चार तिकडे, आणि वास वाढला की कमी झाला ते ताडतो. ई. कोलाय हा जिवाणू असंच करतो. तो जेमतेम दोन मायक्रॉन लांब. आधीचा वास लक्षात ठेवतो, पोहतो, पुन्हा तपासतो. न्यूट्रोफिल मात्र एका जागी उभी राहून आपल्या अंगाच्या दोन बाजूंची तुलना करते.

सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये त्यासाठी एक साधी पट्टी तयार केली. दोन चर आणि मधे अरुंद बांध. एका चरात वासाचं द्रावण, दुसऱ्यात नुसतं पाणीदार माध्यम, आणि पेशी बांधावर. त्यांना दिसलं की पेशीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला पोहोचणाऱ्या वासात साधारण एक टक्का फरक असला, तरी पेशी बरोबर दिशेने वळते. एका कडेला शंभर रेणू चिकटले आणि दुसऱ्या कडेला नव्व्याण्णव. तेही शांत बसलेले नाहीत, क्षणाक्षणाला चिकटतात आणि सुटतात. त्या गोंधळातून एका रेणूचा फरक ओळखायचा!

वास ओळखणारे ग्राही पेशीभर सारखेच पसरलेले असतात, त्यामुळे उत्तर तिथे नाही. ते आत आहे. ग्राहीला रेणू चिकटला की दोन संदेश निघतात. एक झटपट आणि तिथल्या तिथे राहणारा, "पुढे सरक" असा. दुसरा सावकाश आणि पेशीभर पसरणारा, "थांब" असा. "थांब" सगळीकडे सरासरीइतकाच असतो. "सरक" मात्र वासाच्या बाजूला सरासरीहून किंचित जास्त आणि उलट बाजूला किंचित कमी. वजाबाकी केली की समोर थोडी शिल्लक उरते आणि मागे तूट. वर्गातल्या प्रत्येकाच्या गुणांतून वर्गाची सरासरी वजा केल्यावर जे होतं, तेच. शंभर आणि नव्व्याण्णव जवळजवळ सारखेच दिसतात, पण अधिक अर्धा आणि उणे अर्धा यांची दिशाच वेगळी.

ही शिल्लक मग फुगवली जाते. समोरच्या कडेच्या पटलात, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणात, पिप-३ नावाचा मेदरेणू साठतो, तो रॅक या प्रथिनाला जागं करतो, आणि रॅकच्या सांगण्यावरून आर्प-२/३ हा प्रथिनसमूह अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांना सुमारे ७० अंशांच्या कोनात फांद्या फोडू लागतो. फांदीला फांदी फुटून झालेलं ते झुडूप पटलाला आतून रेटतं. अ‍ॅक्टिन वाढलं की रॅक आणखी जागा होतो. मागच्या बाजूला रो नावाच्या प्रथिनाचं राज्य असतं. तिथे मायोसिन, म्हणजे आपल्या स्नायूतल्या प्रथिनाचा भाऊबंद, शेपटी आवळून पुढे ओढतो. वेग मिनिटाला दहा-वीस मायक्रॉन.

एक प्रश्न तरी उरतोच. समोर तोंड फुटलं, मग दुसरीकडेही का फुटत नाही? पेशीला दोन तोंडं फुटली तर ती जागीच अडकेल. बरीच वर्षं वाटत होतं की समोरून एखादा "थांब" म्हणणारा रेणू झिरपत मागे जात असावा. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने न्यूट्रोफिलची पुढची बाजू आणि धड यांच्यामध्ये फक्त एक लांब बारीक धागा शिल्लक राहील, अशी अवस्था घडवून आणली. एवढ्या बारीक धाग्यातून रेणू वेळेत पोहोचणं कठीण. तरी धड गप्पच राहिलं. धागा तुटल्यावर मात्र धडालाही स्वतःचं तोंड फुटू लागलं. रोखणारा रेणू नव्हताच, रोखत होता पटलातला ताण. समोर रेटा सुरू झाला की सगळ्या पटलाचा ताण साधारण दुप्पट होतो, आणि त्या ताणात दुसरीकडे कुठे नवं तोंड काढता येत नाही.

हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आई खापरावर मांडे करताना आठवली. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत ती मांडा वाढवते. एका हाताने ओढला की दुसऱ्या हातावरचा भाग त्याच क्षणी ताणला जातो. ही बातमी कुणाला चालत जाऊन द्यावी लागत नाही, मांडाच ती पोहोचवतो. पेशीही तेच करते, हे कळल्यावर मी रात्री उशिरा आईला फोन केला होता.

न्यूट्रोफिलवर काम करणाऱ्याचं आयुष्यही तिच्यासारखंच घाईचं होतं. ती गोठवून ठेवता येत नाही आणि विभागत नाही, म्हणून वाढवताही येत नाही. सकाळी नैतिकता समितीच्या परवानगीने एखाद्या दात्याचं रक्त घ्यायचं, घनतेनुसार थर वेगळे करायचे, आणि चार-सहा तासांत प्रयोग संपवायचा. नळी जोरात हलवली किंवा भांड्यात जिवाणूंच्या विषाचा अंश राहिला, तर पेशी आधीच भडकलेल्या असतात आणि दिवस वाया जातो. असे माझे शेकडो दिवस वाया गेले. जनुकं बदलून पाहायची असली की एचएल-६० वापरतात. १९७७ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून मिळालेल्या या पेशी आजही जगभर वाढत आहेत. योग्य रसायन घातलं की पाच-सहा दिवसांत त्या न्यूट्रोफिलसारख्या चालू लागतात.

फेलोशिप एकदा सात महिने आली नाही. त्या वर्षी कपाशीलाही भाव नव्हता, आणि आप्पा फोनवर एवढंच म्हणायचे, "तुझंही थांबलंय, माझंही थांबलंय." बाहेरून मागवलेलं प्रतिद्रव्य विमानतळावर अडकलं आणि कोरडा बर्फ संपून खराब होऊन आलं. निबंध पाठवल्यावर परीक्षकांनी आणखी तीन प्रयोग सुचवले, त्यात वर्ष गेलं. त्यातला एक प्रयोग सुचवल्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, कारण माझा अर्धा निष्कर्ष चुकीचा आहे हे त्यातूनच कळलं. तेवढा निष्कर्ष मी मागे घेतला. बाहेरच्या लोकांना विज्ञानाचा हा भाग क्वचित दिसतो.

म्हणूनच "इम्युनिटी वाढवा" अशी पाटी लावलेला काढा पाहिला की मला राग येतो. करोनात गावोगावी विकला गेला, आजही विकला जातो. नेमकं काय वाढवणार? धावत बस पकडली किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तरी रिपोर्टात न्यूट्रोफिल वाढतात, कारण भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. संरक्षण त्याने वाढत नाही. गाउटमध्ये सांध्यातल्या युरिक आम्लाच्या स्फटिकांवर हीच पेशी तुटून पडते आणि माणूस वेदनेने रात्रभर जागतो. तिथे तिला आवरायची औषधं द्यावी लागतात. प्रश्न संख्येपेक्षा कुठे जायचं आणि कधी थांबायचं याचा जास्त असतो. आणि साखर ताब्यात नसेल तर नेमकी हीच दिशा धरण्याची ताकद मंदावते. आप्पांच्या पायासाठी काढ्यापेक्षा चप्पल आणि मधुमेहाची गोळी कितीतरी मोलाची.

आप्पांचा दुसरा प्रश्न होता, एवढ्याशा काट्याला एवढा पू कसा? पहिल्या पोहोचलेल्या पेशी, विशेषतः एखादी तिथे मेली की, ल्युकोट्राइन-बी४ नावाचा रेणू सोडतात. त्याच्या वासाने दूरच्या पेशी वळतात, त्याही तोच रेणू सोडतात आणि मोहोळ उठतं. २०१३ मध्ये उंदराच्या कातडीत हे थेट पाहिलं गेलं. मोहोळ थांबतं कसं, हे २०२१ मध्ये कळलं. स्वतःच सोडलेला वास फार दाट झाला, की जीआरके-२ हे प्रथिन पेशीला त्या वासाबाबत बधिर करतं आणि ती जागीच थांबते. उंदरातून ते प्रथिन काढून टाकलं, तर पेशी अधिक भटकत राहतात आणि जिवाणू मात्र नीट आवरले जात नाहीत.

लढून झाल्यावर बहुतेक न्यूट्रोफिल तिथेच मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. झेब्राफिशच्या पारदर्शक पिलांमध्ये २००६ साली दिसलं की काही न्यूट्रोफिल जखमेतून माघारी फिरतात आणि रक्तवाहिनीकडे परत जातात. हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पट्टी सोडायला सांगितली. टाच मऊ पडली होती, आणि पुवासोबत काट्याचं काळं टोक वर आलं होतं.